अथेन्सचं उत्तर

"येतंय त्यांनी उजवा हात, येत नाही त्यांनी डावा. पण हात सगळ्यांचा वर पाहिजे," मिराशी सर म्हणाले. "एक जरी हात बाकावर दिसला, तरी बाईंची जीप गावाबाहेर गेल्यावर आपली गाठ आहे."

वर्ग हसला नाही. तपासणीच्या दिवशी आमच्या शाळेत कुणी हसत नसे. सकाळपासून शिपाई आवारात पाणी मारत होता, मुलींनी फळ्याच्या कडेने वेलबुट्टी काढली होती आणि एरवी कपाटात कुलपाआड असणारे जगाचे नकाशे त्या दिवशी भिंतीवर आले होते. उपशिक्षणाधिकारी सामंत बाई येणार होत्या आणि आमचा, म्हणजे नववी अ चा, इतिहासाचा तास बघणार होत्या. तो तास आम्ही आठवडाभर रोज करत होतो. कोणता प्रश्न कुणाचा, कुणी आधी अडखळायचं आणि मग बरोबर सांगायचं, 'सर, मला एक शंका आहे' म्हणून कुणी उठायचं, सगळं ठरलेलं. हातांची युक्तीही त्यातलीच. मागे बसलेल्या पाहुण्यांना वर झालेल्या हातांची गर्दी दिसायची आणि सर निर्धास्तपणे उजवा हात बघून मुलाला उठवायचे.

"रजनी," सर माझ्या बाकाशी थांबले. "शेवटचा प्रश्न तुझा. अथेन्सची लोकशाही. पाच मुद्दे, क्रमाने. घाई करू नकोस."

"हो सर," मी म्हणाले.

त्या 'हो सर'ची तयारी मी जूनपासून करत होते.

मिराशी सर वाईट शिकवायचे असं मी म्हणणार नाही, कारण ते शिकवायचेच नाहीत. ते सांगायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. जगाचा इतिहास आणि जगातल्या संस्कृती असा आमचा विषय होता, आणि सरांनी सगळ्या जगाचे मुद्दे करून ठेवले होते. इजिप्तचे चार, चीनचे सहा, रोमच्या ऱ्हासाची कारणं सात. मुद्दा पुढेमागे झाला तर अर्धा मार्क गेला. आठवं कारण लिहिलं तर सगळं उत्तरच गेलं. थोरल्या भावंडांच्या वह्या धाकट्यांना जशाच्या तशा चालायच्या, कारण रोम काही दरवर्षी नव्याने बुडत नव्हतं. सर अंगाने सडपातळ, कपड्यांना कडक इस्त्री, आणि शाळेत कुणाचंही काही चांगलं झालं की ते आपल्यामुळे झालं असं त्यांना मनापासून वाटायचं. एक मुलगा तालुक्यात धावण्यात पहिला आला, तेव्हाही सरांनी हेडसरांना सांगितलं होतं की श्वास कसा सोडायचा ते त्याला मीच दाखवलं. ही त्यांची खोड माझ्या फार उपयोगाची होती.

माझी थोरली बहीण इंदुमती, आमची अक्का, दोन वर्षांपूर्वी याच वर्गात होती.

आमचं गाव विणकरांचं, मागांचं. घराच्या पुढच्या खोलीत अण्णांचे, म्हणजे वडिलांचे, दोन माग होते आणि मागच्या खोलीत आम्ही. आई मी लहान असतानाच गेली. तेव्हापासून चूल अक्काची, माझी वेणी अक्काची, आणि मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या रहाटावर भरायच्या त्याही शाळेच्या आधी आणि शाळेनंतर अक्कानेच. एवढ्यातून ती नगरवाचनालयात जायची आणि तिथल्या बाईंच्या मागे लागून लांबलांबच्या देशांची पुस्तकं आणायची. मला जगाचा इतिहास सरांनी नाही, वेणी घालता घालता अक्काने शिकवला. ओल्या मातीच्या पाट्यांवर लिहिणारे लोक, रेशमासाठी वाळवंट तुडवणारे व्यापारी, मेलेल्या माणसाबरोबर जेवणाची भांडी पुरणारे राजे. मी मान हलवली की ती डोक्यावर टपली मारायची आणि पुढे सांगायची.

सहामाहीच्या पेपरात तिला अथेन्सचा प्रश्न आला. सरांचा पहिला मुद्दा होता, 'अथेन्समध्ये सर्व नागरिकांना समान मताधिकार होता.' अक्काने तो लिहिला आणि पुढे आपलं म्हणून लिहिलं की नागरिक म्हणजे फक्त पुरुष. बायका नागरिक नव्हत्या, गुलाम नव्हते, बाहेरून येऊन राहिलेले लोकही नव्हते. म्हणजे त्या गावातल्या बहुतेक माणसांना कुणी काही विचारतच नव्हतं.

नेमकी त्याच दिवशी तिच्या बाकाखाली कुणाची तरी चिठ्ठी सापडली. चिठ्ठीत चीनचे सहा मुद्दे होते, अथेन्सचा एक शब्द नव्हता. पण सरांनी दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधल्या. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी अक्काला सगळ्या शाळेपुढे उभं केलं आणि हे कुठून उतरवलंस म्हणून विचारलं. वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं, असं ती म्हणाली. पुस्तकाचं नाव सांग, म्हणाले. एवढ्या डोळ्यांपुढे तिला नाव आठवेना. तिने नुसते ओठ हलवले.

"चोर आहेस तू," सर म्हणाले. माईक चालू होता.

अण्णांनी तिला मारलं नाही की ओरडले नाहीत. मन जरा रमेल म्हणून आम्हा दोघींना त्यांनी आठ दिवस मामाकडे धाडलं. अण्णा किती समजूतदार, असं मला तेव्हा वाटलं होतं. परत आलो तेव्हा त्यांनी अक्काला जवळ बसवून सांगितलं की आता त्या शाळेची पायरी चढायची नाही. चोर म्हणून त्या वर्गात बसण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. नाव धुऊन निघालं तर बघू. मग ते रोज जेवताना तेच बोलायचे. त्या मास्तरानं आपल्या घराची मान खाली घातली, चारचौघांत उठणंबसणं अवघड केलं, असल्या माणसाला कधीतरी कुणीतरी जाब विचारला पाहिजे. अक्का ताटात बघत राहायची. मी अण्णांकडे बघून मान डोलवायचे.

अक्काने पुस्तकं आणणं सोडलं. ती दिवसभर मागच्या खोलीत रहाटासमोर बसून कांड्या भरायची. माझी वेणी घालायची, पण काही सांगायची नाही. एकदा मीच विचारलं, तर म्हणाली, "मला न्हाई आठवत आता."

तिला आठवत होतं. त्या वाक्याने माझ्या मनात सरांबद्दल जे बसलं ते सुडाशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि त्याला दुसरं नाव द्यायची मला आजही गरज वाटत नाही. सरांनी ते ज्या तोंडाने म्हटलं, त्याच तोंडाने आणि तेवढ्याच लोकांपुढे ते परत घेतलं पाहिजे. तसं झालं की अक्काचं नाव साफ, आणि मग अण्णा तिला शाळेत पाठवणार. मी नववीत गेले त्या वर्षी घाईही होती. चिकोडीकडच्या एका मागवाल्याचं स्थळ आलं होतं आणि संक्रांतीनंतर पाहुणे अक्काला बघायला येणार होते.

म्हणून नववीत गेल्यावर मी सरांची लाडकी व्हायचं ठरवलं. ते फार अवघड नव्हतं. त्यांचे मुद्दे मी असे पाठ केले की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितले असते. फळा पुसला, खडू आणले, सरांच्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसले. इंदुमतीची बहीण ना तू, असं त्यांनी एकदा विचारलं. मी हो म्हणाले आणि मान खाली घातली. तू बरी निघालीस, ते म्हणाले. तेव्हा मला त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर शाईची दौत उपडी करावीशी वाटली, पण मी दौत जपून ठेवली. वाचनालयात जाऊन अक्काचं ते पुस्तक मात्र मी शोधून काढलं. ग्रीसवरचं जाडजूड, लाल बांधणीचं. तिने लिहिलेलं सगळं त्यात होतं.

सामंत बाई आल्या. मला वाटलं होतं तशा त्या कडक दिसत नव्हत्या. ठेंगण्याशा, सुती साडी, हातात पिशवी. त्या हेडसरांबरोबर शेवटच्या बाकाशी खुर्ची घेऊन बसल्या आणि सरांनी इजिप्तपासून सुरुवात केली. प्रश्न आला की सगळा वर्ग हात वर करी. सर कुठे बोट करायचं ते बरोबर हेरत. अडखळणारा अडखळला, शंकावाल्याला शंका आली. सरांच्या कपाळावरचा घाम हळूहळू सुकला. नंतर तर ते खडू हवेत उडवून झेलू लागले.

मग त्यांनी अथेन्सचा प्रश्न विचारला आणि माझ्याकडे बोट केलं.

मी उठले. पहिला मुद्दा सरांचा सांगितला, अथेन्समध्ये सर्व नागरिकांना समान मताधिकार होता. सरांनी मान डोलावली. आणि मग दुसऱ्या मुद्द्याच्या जागी मी अक्काचं उत्तर सांगायला लागले. नागरिक कोण आणि नागरिक कोण नाही. शब्द तिचेच ठेवले. सरांचा खडू हातात थांबला. मी बोलत असताना त्यांनी दोनदा तोंड उघडलं, पण पाहुण्यांसमोर मला थांबवणार कसं? शेवटचं वाक्य मी सावकाश म्हटलं, "म्हणजे त्या गावातल्या बहुतेक माणसांना कुणी काही विचारतच नव्हतं."

सामंत बाई खुर्चीवरून उठल्या आणि दोन बाकांमधून पुढे आल्या.

"हे पाठ्यपुस्तकात नाही," त्या म्हणाल्या. "पण अगदी बरोबर आहे. कुणी शिकवलं तुला?"

मी सरांकडे पाहिलं आणि थांबले. मला फार वेळ थांबावं लागलं नाही.

"मीच," सर म्हणाले. त्यांचा चेहरा पुन्हा खुलला होता. "पुस्तकाच्या पलीकडचं द्यावं असा माझा नेहमी आग्रह असतो."

"मग सर," मी म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीने हेच उत्तर लिहिलं, तेव्हा तिला शून्य का दिलंत? सगळ्या शाळेपुढे उभं करून चोर का म्हणालात?"

आवाज चांगला लागला होता, मागच्या बाकापर्यंत गेला. सर हसायला गेले. लहान मुलगी आहे, काहीतरी गैरसमज आहे, असलं काही बोलू लागले. सामंत बाईंनी त्यांच्याकडे न बघता वर्गाकडे पाहिलं आणि विचारलं, या मुलीच्या बहिणीला शाळेपुढे उभं केलेलं कुणी पाहिलंय का.

आठवडाभराची सवय म्हणा किंवा काही म्हणा, सगळ्या वर्गाचे हात वर गेले. सामंत बाई पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत नजर फिरवत राहिल्या.

"मिराशी सर, मीही बारा वर्षं वर्गावर काढली आहेत," त्या म्हणाल्या. "मघापासून निम्मे हात डावे बघतेय. आता एकही डावा नाही."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मी त्यांच्याकडे टक लावून बघत होते. मला वाईट वाटलं का, असं नंतर अनेकांनी विचारलं. मला इतकं बरं वाटत होतं की मी बसायचीच विसरले.

जाताना सामंत बाई हेडसरांना बजावून गेल्या की मुलीला आणि पालकांना बोलावून या गोष्टीचा उद्याच्या उद्या निकाल लावायचा. मी घरी धावत गेले आणि अक्काला सगळं सांगितलं. तिने रहाट थांबवला. पुन्हा सांग म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. 'मीच' म्हणताना सरांचा चेहरा कसा होता ते तिने मला तीन वेळा करून दाखवायला लावलं आणि तिसऱ्या वेळी हसली. दोन वर्षांनी ती मोठ्याने हसली होती. अण्णांना सांगितलं, तेव्हा ते मागावर होते. उद्या शाळेत बोलावलंय म्हटल्यावर ते नुसतं हूं म्हणाले आणि सुटलेला धागा शोधत राहिले. आनंदाने त्यांना काही सुचत नसेल, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी हेडसरांच्या खोलीत आम्ही तिघं खुर्च्यांवर आणि मिराशी सर उभे. अक्काने आईची मोरपंखी साडी नेसली होती. अण्णा टोपी मांडीवर ठेवून बसले होते. हेडसरांनी खूण केल्यावर सर बोलले. इंदुमतीची चूक नव्हती, चिठ्ठी तिची नव्हती, उत्तर तिचं स्वतःचं होतं, मी घाई केली, मला माफ करावं. प्रत्येक वाक्य त्यांना जड जात होतं आणि प्रत्येक वाक्य मी कानात साठवून घेत होते. हीच वाक्यं उद्या प्रार्थनेला माईकवर म्हणायची, असं हेडसरांनी फर्मावलं. ते एवढ्यावर थांबले असते तर पुढचं झालं नसतं. पण त्यांनाही राग आला होता. तुमच्यामुळे एका हुशार मुलीची दोन वर्षं फुकट गेली, असं ते सरांना म्हणाले.

"माझ्या एकट्यामुळे नाही," सर म्हणाले.

हेडसरांनी भुवया उंचावल्या.

"तिला शाळेपुढे उभं केलं त्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी यांच्या घरी गेलो होतो. चिठ्ठी दुसऱ्याची निघाली होती, त्या मुलाने माझ्याजवळ कबूल केलं होतं. मी दिवट्यांना म्हटलं, मुलीला पाठवा, मी वर्गात सांगतो. विचारा त्यांना."

आमचं आडनाव दिवटे. तरी सर कुणा दुसऱ्या दिवट्यांबद्दल बोलत असावेत असं मला क्षणभर वाटलं. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी मामाकडे होतो.

अक्का अण्णांकडे वळली. "अण्णा, सर घरी आलते?"

अण्णांनी टोपीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "आलते. च्या पिऊन गेले."

"मग तुम्ही काय म्हणाला?"

"काय म्हणणार? झालं ते बरंच झालं म्हटलं. घरात बाईमाणूस न्हाई, तू वयात आलेली. आज न्हाई उद्या शाळा सुटायचीच की."

"वर्गात काही सांगू नका, असंही म्हणालात," सर म्हणाले. "पोरीचं नाव पुन्हा चर्चेला नको म्हणालात. तेही सांगा ना."

अण्णा टोपीवरचा एक धागा उपटत राहिले.

मी अण्णांचा चेहरा बघत होते आणि माझ्या डोक्यात दोन वर्षांची जेवणं फिरत होती. त्या मास्तरानं मान खाली घातली. असल्या माणसाला कुणीतरी जाब विचारला पाहिजे. रोज. भाकरी मोडता मोडता. अक्का समोर बसलेली असताना. माझ्या हातात दगड त्यांनी दिला होता आणि कुठे मारायचा तेही त्यांनीच दाखवलं होतं, म्हणजे मी दुसरीकडे कुठे बघू नये. माझ्या अंगाची आग झाली. सरांना मी माफ केलं असं नाही. दाराआड कबूल केलं आणि शाळेत दोन वर्षं तोंड शिवून बसले, चहासुद्धा पिऊन गेले, त्यांना कसली माफी? पण सर परके होते. अण्णांनी मात्र अक्का निर्दोष आहे हे माहीत असून तिला रोज चोरासारखं जेवू घातलं.

अक्का रडेल असं मला वाटलं. हेडसरांनाही वाटलं असावं, त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. तिने तो घेतला नाही.

"सर, मला अजून नववीला बसता येईल का?" तिने हेडसरांना विचारलं.

हेडसर म्हणाले, या वर्षीची हजेरी भरणार नाही, पण वर्गात आत्तापासून बसता येईल आणि जूनमध्ये रीतसर नाव घालू. सामंत बाईंशी मी बोलतो. पालकांनी अर्जावर सही केली की झालं. त्यांनी कारकुनाकडून कोरा अर्ज मागवला आणि अण्णांपुढे ठेवला.

"सही करा अण्णा," अक्का म्हणाली.

"अगं, पण संक्रांतीनंतर पावणं येणार हाईत."

"त्यांना कळवा, पोरगी शिकतीय म्हणून."

"घरी जाऊन बोलू."

"घरी दोन वर्षं तुम्हीच बोलत होता," अक्का म्हणाली. "आता सही करा. न्हाईतर सर घरी आलते ते मी गल्लीतल्या दर मागावर जाऊन सांगते."

अण्णा कोष्टी समाजाच्या पंचांत बसायचे. गल्लीत कुणाच्या घरात वाद झाला तर न्याय करायला त्यांना बोलवायचे. त्यांनी सदऱ्याचे खिसे चाचपले आणि पेन न्हाई म्हणाले. मिराशी सरांनी आपल्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्यांच्या हातात दिलं. अण्णांनी सही केली. एकमेकांकडे बघायचं दोघांनीही टाळलं.

अर्ज हेडसरांच्या हाती गेल्यावर अण्णा उठले. आवाज सारखा करून म्हणाले, "ये मग उद्यापासनं."

"आजपासनं."

"अगं, मागावर कांड्या संपल्यात. कोण भरणार?"

ते तोंडातून निसटलं आणि त्यांचं त्यांनाच कळलं. हेडसर अर्जावरून मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिले. सरही बघत राहिले. आता कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

"तुम्ही," अक्का म्हणाली.

आणि ती खोलीच्या बाहेर पडली. नववी अ कुठे आहे हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

ती माझ्याच बाकावर बसली. साडीतली मुलगी वर्गात बघून पोरं वळून वळून बघत होती. तिसरा तास इतिहासाचा होता. सर आले, टेबलाची कड धरून उभे राहिले आणि उद्याच्या प्रार्थनेची वाट न बघता त्यांनी सगळं वर्गाला सांगितलं. शेवटी अक्काकडे बघून ते म्हणाले, बसा. आम्हाला कुणाला ते कधी बसा म्हणाले नव्हते. अक्का मुळात बसलेलीच होती. तिने वही उघडली आणि पुढचं सांगा अशा नजरेने त्यांच्याकडे बघितलं.

संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा दोन्ही माग बंद होते. अण्णा मागच्या खोलीत रहाटासमोर बसले होते. त्यांना ते काम येत होतं, पण सवय गेली होती. धागा तुटत होता, ते थुंकीने गाठ मारत होते आणि पुन्हा तुटत होता. भरलेल्या दोनतीन कांड्या बाजूला होत्या, त्याही सैल. अक्काने तिकडे बघितलं नाही. तिने चूल पेटवली, भाकऱ्या टाकल्या, अण्णांचं ताट वाढून ठेवलं, आणि मग आम्ही दोघी मधल्या दारात पुस्तक घेऊन बसलो. रोमचा धडा होता. अक्का मोठ्याने वाचू लागली. माग चालू असले की आमच्या घरात शेजारी बसलेल्या माणसाचंही बोलणं ऐकू यायचं नाही. त्या दिवशी शब्द न् शब्द ऐकू येत होता.

थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, "जरा हळू वाचा गं पोरींनो. डोकं उठलंय माझं."

अक्काने पान उलटलं आणि आवाज चढवला. मी तिच्यापेक्षा मोठ्याने वाचायला लागले.